आरोग्यगटात लोक अनुभव का लिहितात, आणि लिहायचे का थांबतात?

कोरा_कागद (धागाकर्ती)

दीर्घकालीन आजारांचे ऑनलाइन गट चालवणाऱ्या आणि त्यांत नियमित लिहिणाऱ्या मंडळींसाठी हा धागा. मधुमेह असो, संधिवात असो, स्टोमा (शौच किंवा लघवीसाठी शस्त्रक्रियेने पोटावर केलेलं तोंड) असो की कर्करोगाच्या उपचारांनंतरची देखभाल, चित्र बहुतेक गटांत तेच असतं. प्रश्न घेऊन येणारे रोज नवे, उत्तरं देणारे मात्र तेच ते आठ-दहा आयडी. ते दमले की धागे रिकामे पडून राहतात, आणि रिकामे धागे पाहून पुढचा माणूस प्रश्नही विचारत नाही.

अशा गटात साधारण तीन प्रकारची माणसं असतात: रुग्ण, रुग्णाची काळजी घेणारे घरचे, आणि डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट ही व्यावसायिक मंडळी. अनोळखी माणसासाठी अर्धा तास खर्चून नीट उत्तर लिहावं असं या तिघांना का वाटतं? तिघांची कारणं एकच की वेगळी?

विचारायचं कारण असं, की गुण, पदकं, 'महिन्याचा उत्तम प्रतिसादक' आणि जास्त लिहिणाऱ्यांना थोडं मानधन, असा एक प्रस्ताव पुढे आला आहे. त्याने लिहिणारे वाढतील की आहेत तेही बिथरतील? 'माणसं मुळात चांगली असतात' इथे थांबू नका. काय केलं की काय होतं, ते सांगा.

---

आकडेमोड

आधी आकडे, कारण 'तेच ते आयडी लिहितात' हे कोण्या एका गटाचं अपयश नाही. दारू, धूम्रपान, नैराश्य आणि पॅनिक (भीतीचे अचानक येणारे झटके) या विषयांवरच्या चार ऑनलाइन गटांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या एक टक्का सदस्यांनी एकूण लिखाणापैकी जवळपास तीन चतुर्थांश लिहिलं होतं. याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये ९०-९-१ असा जो ठोकताळा मांडला होता, त्याच्याशी हे जुळतं: नव्वद वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक सतत लिहितो. म्हणून 'सगळ्यांनी लिहावं' हे ध्येय सोडून द्या. त्या एकाला टिकवायचं आहे आणि नवातल्या दोघा-तिघांना थोडं पुढे आणायचं आहे, एवढंच काम आहे.

वाचनमात्र सदस्यांना आळशी समजू नका. प्रीस, नॉनेकी आणि अँड्र्यूज यांनी २००४ मध्ये न लिहिण्याची कारणं तपासली. पहिलं कारण अगदी साधं होतं: लिहायची गरजच पडली नाही, वाचून काम झालं. गटाची रीत कळायला वेळ हवा, सॉफ्टवेअर जमत नाही, गट आवडला नाही, ही कारणंही होती. पण त्यातलं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही जणांना वाटत होतं की आपण न लिहिणं हीच मदत आहे, उगाच गर्दी कशाला. ही माणसं बोलवायची वाट बघत असतात. दिलासा म्हणजे त्याच संशोधकांपैकी दोघांनी २००० मध्ये ईमेल-गट तपासले तेव्हा सॉफ्टवेअरच्या गटांत सुमारे ८२ टक्के लोक गप्प होते आणि आरोग्याच्या गटांत सुमारे ४६ टक्के. आजारपणात माणूस जास्त बोलतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न. व्यावसायिक आणि सामान्य सदस्य यांची थेट तुलना करणारा एक अभ्यास २०१७ मध्ये आला. परोपकाराची भावना आणि देवाणघेवाण या दोन गोष्टी दोन्हीकडे होत्या. नावलौकिक आणि 'मला हे नीट येतं' हा विश्वास यांचा जोर व्यावसायिकांत जास्त, तर समदुःखाची जाणीव सामान्य सदस्यांना लिहितं करणारी. म्हणजे कारणं वेगळी आहेत, आणि तिघांना एकाच पदकाने हलवता येणार नाही.

देवाणघेवाण या शब्दाचा मात्र सहज गैरसमज होतो. वास्को आणि फराज यांनी २००५ मध्ये एका व्यावसायिक संघटनेच्या ऑनलाइन चर्चांचा अभ्यास केला. त्यात लोक परतफेडीची अपेक्षा न धरता लिहीत होते. लिहिणारे कोण, तर ज्यांच्यापाशी सांगण्यासारखा अनुभव होता, ज्यांचे गटात अनेकांशी धागे जुळले होते, आणि ज्यांना त्यातून व्यवसायात नाव होईल असं वाटत होतं. आरोग्यगटात तर ज्याने मदत केली त्याची फेड त्यालाच करण्याची वेळ क्वचित येते. अकरा महिन्यांपूर्वी निदानाच्या रात्री ज्याने उत्तर दिलं, तो आता गटात नसतोही. फेड होते ती पुढच्या नवख्याला उत्तर देऊन. म्हणून जुनी उत्तरं शोधता येणं, कोणी कोणाला कधी मदत केली हे दिसत राहणं, याला महत्त्व आहे. ती साखळी डोळ्यांसमोर असली की माणूस आपली कडी जोडतो.

आणखी एक. मदत करणाऱ्यालाच त्या मदतीचा उपयोग होतो, हे फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, १९३५ मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेची बारावी पायरी हेच सांगते: दारूपासून दूर राहायचं तर दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोच. आजाराने माणसाला सतत घेणाऱ्याच्या जागी बसवलेलं असतं. औषध घे, सल्ला घे, आधार घे. एका नीट उत्तराने तो देणाऱ्याच्या जागी जातो. रुग्ण सदस्यांच्या बाबतीत याच्याहून मोठं कारण मला दिसत नाही.

---

दवबिंदू

आकडेमोड यांच्याशी सहमत. 'काय केलं की काय होतं' यावर लिहिते.

माणसाच्या मनात प्रेरणा बहुधा असतेच. अडतं ते तीन ठिकाणी: मला विचारलंय की सगळ्यांना, हे कळत नाही, माझ्याकडे सांगण्यासारखं आहे असं वाटत नाही, आणि सांगितल्याचं पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

पहिल्या अडचणीची मुळं १९६८ च्या डार्ली आणि लाताने यांच्या प्रयोगांत सापडतात. मदतीला धावू शकणारे जितके जास्त, तितकी प्रत्येकाची जबाबदारी पातळ होते. २००० मध्ये चॅटरूममध्ये हेच तपासलं गेलं. हजर माणसं वाढली तशी मदत मिळायला उशीर लागला, पण एखाद्याचं नाव घेऊन विचारलं की तो उशीर जवळपास नाहीसा झाला. म्हणून 'कोणी सांगू शकेल का?' हा आरोग्यगटातला सगळ्यात वाया जाणारा प्रश्न आहे. संचालकाने प्रश्न वाचावा, जुन्या धाग्यांतून दोन-तीन आयडी शोधावेत आणि धाग्यातच लिहावं: 'अमुक, तुम्ही मार्चमध्ये साखर मोजायच्या सेन्सरची पट्टी सुटण्याबद्दल लिहिलं होतंत. इथे तोच प्रश्न आहे, दोन ओळी लिहाल?' तिघांहून जास्त नावं घेऊ नका, परत जबाबदारी पातळ होते. एकाच आयडीला आठवड्यात दोनदा हाक मारू नका. आणि ज्यांनी आपल्या आजाराबद्दल उघडपणे लिहिलेलं आहे त्यांनाच नावाने बोलवा. व्यनित (खासगी निरोपात) कळलेली गोष्ट धाग्यावर आणली तर तो माणूस कायमचा गप्प होईल.

दुसरी अडचण, 'माझ्याकडे काय आहे सांगायला?' मूव्हीलेन्स या चित्रपटांच्या संकेतस्थळावर २००५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत दोन गोष्टी चालल्या: तुमचं मत इतरांपेक्षा वेगळं आहे म्हणून हवं आहे असं सांगणं, आणि नेमकं उद्दिष्ट देणं. 'जमेल तेवढं करा' याला त्यामानाने कमी प्रतिसाद मिळाला. आरोग्यगटात हे जास्तच लागू पडतं, कारण वेगळेपणा खरोखर असतो. 'संधिवाताबद्दल अनुभव लिहा' असं आवाहन टाकलं तर कोणी फिरकणार नाही. 'सकाळी बोटं आखडलेली असताना बाटलीचं झाकण, शर्टाची बटणं आणि दाराची किल्ली यांपैकी एका गोष्टीला तुम्ही काय युक्ती काढलीत?' असं विचारा, उत्तरं येतील. डॉक्टरला ही युक्ती माहीत नसते, आणि रुग्णाला आपल्याला ती माहीत आहे हेच माहीत नसतं.

उत्तर कसं असावं याचा नमुना धाग्याच्या माथ्यावर ठेवा. साखर मोजायचा सेन्सर घामाने सुटतो, या प्रश्नाला 'चांगली टेप वापरा' हे उत्तर म्हणजे नुसती हजेरी. उपयोगी उत्तर असं असतं: 'जागा साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करायची, त्या दिवशी तिथे तेल किंवा मॉइश्चरायझर नाही. अल्कोहोलने पुसल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं, ओल्यावर लावलं की कड धरत नाही. सेन्सर बसवल्यावर कडेची पट्टी बोटाने चहूबाजूंनी दाबायची. वरून जादा पट्टी लावायची तर उत्पादकाने मोकळं ठेवायला सांगितलेलं छिद्र झाकायचं नाही. कातडी लाल झाली किंवा खाजली तर पट्टी बदलून बघण्याआधी डॉक्टरांना दाखवायचं.' यात क्रम आहे, काय चुकतं आणि का ते आहे, थांबायची खूण आहे. असा एक नमुना समोर असला की नवा माणूसही त्याच घडणीत लिहितो.

तिसरी अडचण सगळ्यात दुर्लक्षित. उत्तर देणाऱ्याला परिणाम कळत नाही. 'धन्यवाद' हा परिणाम नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याला दहा ते चौदा दिवसांनी आपोआप एक निरोप जाऊ द्या: 'तुमच्या धाग्यावर मिळालेल्यापैकी काय करून पाहिलंत? काय जमलं, काय नाही?' त्याचं उत्तर त्याच धाग्यात, मदत करणाऱ्यांची नावं घेऊन यायला हवं. 'पट्टी आता आठवडाभर टिकते, पण कड दाबायचं विसरलो त्या दिवशी सुटली' ही एक ओळ लिहिणाऱ्याला पुढची दहा उत्तरं लिहायचं बळ देते. जमलं नाही असं कळलं तरी चालतं, किंबहुना त्यातून उत्तर सुधारतं. काहीच न कळणं हे मात्र चालत नाही. विहिरीत दगड टाकला आणि आवाजच आला नाही, तर माणूस दुसरा दगड टाकत नाही.

---

कोरा_कागद

दोघांचेही आभार. नावाने हाक आणि चौदा दिवसांचा निरोप, दोन्ही लगेच करता येण्यासारखं आहे. पण पदकं आणि मानधन यांवर अजून कोणी बोललेलं नाही. आणि डॉक्टर मंडळी नोंदणी करतात, एकदोनदा लिहितात आणि मग फिरकत नाहीत, ते का?

---

पाणवठा

मानधनावर माझं स्पष्ट मत: उत्तरांसाठी पैसे देऊ नका.

एडवर्ड डेसी यांचा १९७१ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना सोमा नावाच्या ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळाला, पुढच्या सत्रात पैसे बंद. मोकळ्या वेळात ते ठोकळ्यांशी किती रमतात हे पाहिलं, तर पैसे मिळून थांबलेल्यांची रमण्याची वेळ घटली. आवड होती तिथे मजुरी आली, आणि मजुरी गेल्यावर आवड परतली नाही. १९७० मध्ये रिचर्ड टिटमस यांनी रक्तदानाबद्दल असाच मुद्दा मांडला होता: रक्ताला भाव दिला की देणाऱ्याची वृत्तीही बदलते आणि रक्ताची सुरक्षितताही. त्यांच्या मांडणीवर पुढे बराच वाद झाला, पण प्रश्न त्यांनी अचूक पकडला होता.

ज्ञानाच्या बाबतीत तर थेट दाखला आहे. गूगल अॅन्सर्स ही पैसे देऊन उत्तर मिळवायची सेवा २००२ ते २००६ चालली. तिच्यावरचा एक प्रत्यक्ष प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त पैसे लावले की उत्तर लांब आलं, चांगलं नाही. चांगलं उत्तर आलं ते ज्यांचा लौकिक आधीच चांगला होता त्यांच्याकडून. आरोग्यगटात लांब आणि सुमार उत्तर हे आखूड उत्तराहून वाईट, कारण भीतीने वाचणाऱ्या माणसाला कामाची ओळ सापडत नाही. त्यात पैसा आला की उत्पादनं विकणारेही येतात आणि वाचणाऱ्याचा विश्वास उडतो: हा सांगतोय ते अनुभवाने की पैशाने? पैसे असतील तर ते सर्व्हर, धाग्यांची सूची लावणं, भाषांतर, जुन्या उत्तरांची तज्ज्ञांकडून तपासणी यांवर खर्च करा. ही कामं कोणी प्रेमाने करत नाही आणि ती झाली नाहीत तर प्रेमाने लिहिणारे थकतात.

पदकांचं जरा गुंतागुंतीचं आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा २०१३ चा अभ्यास सांगतो की पदक जवळ आलं की लोक जोरात काम करतात आणि मिळालं की ते काम उतरतं. म्हणजे ठरावीक संख्येवर मिळणारं पदक त्या संख्येपर्यंतच पोहोचवतं. याउलट विकिपीडियावर संपादक एकमेकांना 'बार्नस्टार' नावाचा साधा चांदणीचा शिक्का देतात. २०१२ च्या प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून, तो शिक्का दिला. ज्यांना मिळाला त्यांचं काम इतरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी जास्त राहिलं. फरक कशात आहे? तो आधी जाहीर केलेला नव्हता, मागणी करून मिळत नव्हता, आणि बरोबरीच्या माणसाने 'तुझं काम पाहिलं' असं सांगणारा होता.

तेव्हा कौतुक करा, पण एका ठरावीक उत्तराबद्दल, अचानक आणि कारण लिहून. संख्या मोजायचीच असेल तर 'किती लिहिलं' मोजू नका, 'किती जणांनी करून पाहून कळवलं' ते मोजा.

दोन गोष्टी आरोग्यगटात कधीच आणू नका. एक म्हणजे सलग दिवसांची मालिका, 'तुम्ही ४० दिवस रोज लिहिलंत' वगैरे. दुसरी म्हणजे क्रमवारी. रुग्ण सदस्य महिनाभर दिसत नाही तेव्हा तो बहुधा केमोथेरपीच्या फेरीत असतो, किंवा डायलिसिसनंतर त्याच्यात त्राण नसतं, किंवा हात चालत नसतो. परत आल्यावर त्याला काय दिसतं? मालिका तुटली, क्रमांक घसरला. आजाराने जे हिरावलं त्यात आपण भर घातली. हा तपशील आराखडा करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही, आणि गटातून माणूस जातो.

---

पांढरा_कोट

व्यावसायिक मंडळी का थांबतात, त्यावर.

येतात ती तीन ओढींनी: चुकीचं पसरलेलं दुरुस्त करावं, आपल्या क्षेत्रात नाव व्हावं, आणि दवाखान्यात न कळणाऱ्या गोष्टी कळाव्यात. गोळी नियमित का घेतली जात नाही, याची खरी उत्तरं रुग्ण एकमेकांना सांगतात, तपासणीच्या खोलीत सांगत नाहीत. शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

जातात ती मात्र वेगळ्याच कारणांनी. एक उत्तर लिहिलं की व्यनिपेटीत रिपोर्टांचे फोटो येऊन पडतात. न तपासलेल्या माणसाबद्दल मत द्यायचं म्हणजे जबाबदारी कुठे सुरू होते हे कळत नाही. तोच प्रश्न सतराव्यांदा येतो. आणि 'डॉक्टर म्हणाले' एवढंच उचलून ते वाक्य भलत्याच रुग्णाला चिकटवलं जातं.

उपाय व्यवस्थेचे आहेत, आर्जवाचे नाहीत. व्यावसायिक आयडींना सदस्यांचे व्यनि बंद ठेवण्याची सोय द्या. स्वयंसेवकांनी आठवडाभराचे प्रश्न गोळा करून सारखे एकत्र करावेत, त्यातले पाच-सहाच पुढे पाठवावेत, आणि महिन्यातून दोनदा ठरलेल्या तासात उत्तरं यावीत. तासाला शेवट असतो, म्हणून माणूस हो म्हणतो. नोंदणी-प्रमाणपत्र संचालकांनी एकदा तपासून आयडीपुढे फक्त 'पडताळणी झालेली' एवढंच दाखवावं. औषध किंवा उपकरण कंपनीशी संबंध असेल तर तो प्रोफाइलवर उघड लिहिलेला असावा.

उत्तराची चौकटही ठरवून द्या: साधारणपणे काय खरं आहे; कोणत्या परिस्थितीत ते बदलतं; कोणती लक्षणं दिसली तर गटात न विचारता तडक रुग्णालय गाठायचं; आणि आपल्या डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा. 'तुम्ही डोस इतका करा' हे वाक्य या चौकटीत बसत नाही, आणि ते सांगावं लागत नाही म्हणूनच डॉक्टर मोकळेपणाने लिहू शकतात. इतकी चौकट आखून दिली की 'मला हे नीट सांगता येईल' हा विश्वासही टिकतो. आकडेमोड यांनी सांगितलेल्या अभ्यासात तोच तर मुद्दा आहे.

एक गोष्ट सगळ्यांनी सक्तीची करावी: आकड्यापुढे एकक. उपाशीपोटी साखर '७' म्हणणारा आणि '१२६' म्हणणारा एकच गोष्ट सांगत असतात. पहिला मिलिमोल प्रति लिटरमध्ये बोलतो, दुसरा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, गुणक १८. एचबीए१सीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या चाचणीचे) ७ टक्के म्हणजेच ५३ मिलिमोल प्रति मोल. इन्सुलिनच्या बाबतीत तर चूक जिवावर बेतते. मिलिलिटरला १०० युनिट असलेलं इन्सुलिन ४० युनिटच्या खुणांच्या सिरिंजमध्ये भरलं, तर प्रत्येक खुणेला अडीचपट इन्सुलिन जातं. 'मी वीस घेतो' एवढंच लिहिणाऱ्याचा हेतू सोन्यासारखा असतो, तरी वाचणाऱ्याला त्यातून अपाय होऊ शकतो. एककाशिवाय आकडा दिसला की संचालकाने त्याच तासात विचारून घ्यावा.

---

पानगळ

वरच्या सगळ्यात एक बाजू राहून जाते आहे. लोकांचं लिहिणं वाढवायचं ठरलं की चुकीचं लिहिणंही वाढणार, ही भीती संचालकांना असते. त्या भीतीने ते इतके कडक होतात की प्रेरणाच मरते.

भीतीचं माप आधी घेऊ. स्तनाच्या कर्करोगाच्या एका ऑनलाइन गटातली ४,६०० लिखाणं तपासणारा अभ्यास २००६ मध्ये आला. चुकीची किंवा दिशाभूल करणारी निघाली दहा. त्यांतली सात इतर सदस्यांनीच दुरुस्त केली, सरासरी साडेचार तासांत. हा एक सजग, बोलता गट होता. प्रत्येक गट असाच असेल असं मी म्हणणार नाही, आणि ज्या गटाभोवती एखादी विक्री किंवा चळवळ उभी आहे तिथे तर मुळीच नाही. पण माणसं जागी असतील तर दुरुस्ती आतूनच होते.

अनुभवाला कुठे थांबायचं ते मात्र कळलं पाहिजे. एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर लिथियम या औषधाने फरक पडतो असा एक छोटा अभ्यास २००८ मध्ये आला आणि पेशंट्सलाइकमी या संकेतस्थळावरचे रुग्ण स्वतःहून लिथियम घेऊन नोंदी ठेवू लागले. केवळ 'मला बरं वाटतंय' असे धागे निघाले असते तर अफवाच मोठी झाली असती. इथे नोंदी ठरलेल्या मापाने होत्या. त्यामुळे लिथियम घेणारे १४९ जण आणि त्यांच्याशी आजाराची वाटचाल जुळणारे इतर रुग्ण यांची तुलना करता आली, आणि २०११ मध्ये निष्कर्ष आला: फायदा दिसत नाही. आशा मावळली, पण त्या रुग्णांनी दिलेली माहिती पुढच्या हजारोंच्या उपयोगी पडली. आपल्या नोंदीचा असा उपयोग होऊ शकतो हे कळणं, ही लिहिण्याची मोठी प्रेरणा आहे.

'मी डॉक्टर नाही, मी काय बोलणार' म्हणून गप्प राहणाऱ्यांना हेच द्या: अनुभव लिहायची रीत. काय झालं, कधी सुरू झालं, काय केलं, किती दिवस केलं, त्याच काळात आणखी काय बदललं होतं, आता कसं आहे. शेवटून दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गुडघा बरा झाला तो लेपाने की त्याच आठवड्यात सुरू केलेल्या व्यायामाने, हे त्यातून वाचणाऱ्याला स्वतः ठरवता येतं. 'मला असं झालं' म्हणायचा अधिकार प्रत्येकाला आहे. 'तुम्हाला असंच होईल' म्हणायचा कोणालाच नाही. हा फरक समजला की संकोच बराच जातो.

दुरुस्ती करायची पद्धत हा नाजूक भाग. पहिल्यांदाच लिहिलेल्याला चारचौघांत 'चुकीची माहिती पसरवू नका' म्हटलं, तर तो गेलाच, शिवाय बघणारे वाचनमात्र पन्नास जणही मनातल्या मनात गेले. आधी त्याच्या अनुभवातलं खरं ते उचला, मग नेमकी चूक, मग कारण: 'रस घेतल्यावर तुम्हाला पोट हलकं वाटलं हे शक्य आहे. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम जास्त असतं आणि ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. वरच्या लिखाणात एवढी ओळ जोडाल का?' चूक त्यालाच दुरुस्त करू द्या. आपल्या हाताने सुधारलेलं लिखाण माणूस आपलं मानतो. अपवाद एकच: जिवाला धोका असेल तर लिखाण आधी झाका, बोलणं नंतर.

आता त्या एक टक्क्याबद्दल. ती माणसं दमल्याचं आधी त्यांच्या उत्तरांत दिसतं. उत्तरं आखूड होतात, मग नुसते दुवे येतात, मग 'हे आधी सांगून झालंय' सुरू होतं. तिसऱ्या पायरीपर्यंत थांबू नका. आठवड्याच्या पाळ्या लावा आणि पाळी नसताना उत्तर न देणं हे कर्तव्य आहे असं स्पष्ट सांगा. वरचेवर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवाच, पण निदान कालच कळलेल्या माणसाच्या अंगावर नुसता दुवा फेकू नका. आधी एक ओळ त्याच्यासाठी, त्याच्या लिहिण्यातला एखादा शब्द धरून, मग दुवा. ऑनलाइन आरोग्यगटांवरच्या २०१२ च्या एका अभ्यासात भावनिक आधार मिळालेले सदस्य जास्त टिकले. नुसत्या माहितीचा टिकण्याशी संबंध त्यामानाने कमी होता. माहिती मिळाली की काम झालं म्हणून माणूस जातो. आधार मिळाला की राहतो, आणि राहिला की कधीतरी लिहितो.

आणि ज्यांचा रुग्ण गेला त्या घरच्यांना विसरू नका. गटात राहायला त्यांना अवघड वाटतं, जायलाही अवघड वाटतं. रात्री कसं जागायचं, कुशीवर कसं वळवायचं, शेवटच्या आठवड्यांत काय विचारून ठेवायचं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. काही आठवड्यांनी, घाई न करता, एका संचालकाने विचारावं: 'काळजी घेणाऱ्यांच्या विभागात तुम्ही राहाल का? लिहिलं नाही तरी चालेल.' नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नये.

---

कोरा_कागद

क्रमवारी आणि मानधन दोन्ही प्रस्तावातून काढायला सांगते. शेवटचा प्रश्न: यातलं काही चाललं की नाही, हे कशावरून कळेल? एकूण लिखाणांची संख्या मोजायची का?

---

आकडेमोड

एकूण संख्या मोजू नका. एका भांडणाने ती दुप्पट होते.

चार गोष्टी पुरतात. पहिलं उत्तर यायला लागलेला वेळ, सरासरी नव्हे, मधला आकडा (सगळे वेळ चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा). कारण महिन्याने उत्तर आलेला एक धागा सरासरी बिघडवतो. ७२ तासांनंतरही रिकामे राहिलेले धागे, शेकडा किती. पहिल्यांदा लिहिणाऱ्यांपैकी ३० दिवसांत दुसऱ्यांदा लिहिणारे किती. नवख्याच्या पहिल्या लिखाणाला उत्तर मिळालं की त्याचं परत लिहिणं वाढतं, म्हणून हा आकडा पहिल्या दोघांच्या मागोमाग हलायला हवा. आणि प्रश्न विचारून पुढे 'काय झालं' हे कळवणारे किती.

चौथा आकडा सुरुवातीला फार छोटा असेल, घाबरू नका, चौदा दिवसांचा निरोप सुरू झाला की तो वाढायला हवा.

पहिले चार आठवडे काहीही न बदलता मोजा. मग फक्त नावाने हाक सुरू करा, चार आठवडे. मग चौदा दिवसांचा निरोप, आणखी चार. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. पानगळ यांनी गुडघ्याच्या लेपाबद्दल जे सांगितलं तेच इथेही. लहान गटात आठवड्याला वीसच धागे येत असतील तर चाराऐवजी आठ आठवडे धरा. आणि या काळात किती जुन्या आयडींनी पाळीतून सुट्टी मागितली, तेही एका कोपऱ्यात लिहून ठेवा.